देवबागच्या मुखाशी सोळा जण

पावसाळा सरला, दिवाळीची सुटी तोंडावर आली की आपल्या वस्त्यांतून, महिला मंडळांतून आणि कचेऱ्यांतून सहलीची बोलणी सुरू होतात. लेणी, गड, धबधबे आपण पुष्कळ पाहिले. गेल्या काही वर्षांत मात्र तरुण मुले एक नवा हट्ट धरू लागली आहेत. समुद्रात कयाक चालवायची! कयाक म्हणजे एकट्या-दुकट्याने वल्हवायची लांबट, अरुंद होडी. मूळची ती उत्तर ध्रुवाकडच्या शिकारी लोकांची. लाकडाच्या वा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बनवीत. आपल्या किनाऱ्यावर भाड्याने मिळते ती जाड प्लास्टिकची, वरच्या बाजूने उघडी. तिला आरपार भोके असतात, त्यामुळे आत आलेले पाणी आपोआप खाली जाते. ती उलटली तरी बुडत नाही. बुडतो तो माणूस.

आमच्या गटाने कार्तिकात अशी एक सहल केली. ठिकाण ठरले मालवणजवळचे देवबाग. तारकर्लीच्या दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी लांबवर गेली आहे. तिच्या पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी. पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते. पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी भोगव्याचा किनारा दिसतो. तो वेंगुर्ले तालुका. नवख्यांना खाडीचे शांत पाणीही मिळावे आणि जमले तर समुद्राचाही अनुभव यावा, म्हणून ही जागा निवडली.

आम्ही सोळा जण होतो. वय वर्षे तेरापासून एकसष्टपर्यंत. त्यांपैकी पोहता येणारे किती, हा पहिला प्रश्न आम्ही पहिल्याच बैठकीत विचारला. हात वर आले फक्त पाच. यात नवल नाही. गावाकडे पोरे पोहायला शिकतात ती विहिरीत आणि तळ्यात. ज्या विहिरीवर आपल्या आजीला घागर बुडवायची मुभा नव्हती, त्या विहिरीत तिची नातवंडे सूर कशी मारणार? १९२७ साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी केवढा संगर करावा लागला, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. नदीकाठच्या गावांतली काही मुले खालच्या डोहात पोहायला शिकली, हे खरे. पण शहरात आल्यावर चाळीत नळाला पाणी येणे हाच आनंद. पोहण्याचा तलाव कुठला! म्हणूनच समुद्रावर गेल्यावर आपल्या आया-बहिणी साडीचा काठ भिजेल इतक्याच पाण्यात उभ्या राहतात. आम्हांला हे चित्र पालटायचे होते, पण कोणाच्या जिवावर बेतून नव्हे.

समुद्र क्षमा करत नाही याची उदाहरणे फार जुनी शोधावी लागत नाहीत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. २४ मे २०२२ रोजी याच तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसे दगावली. एखाद्याला वाटेल, सहलीच्या लेखात हे अशुभ कशाला? आम्ही मात्र ही तिन्ही नावे बैठकीत मोठ्याने वाचली. मुरूडला गेलेली पोरे आपल्याच पोरांच्या वयाची होती.

आता आखणीविषयी. सर्वांत जास्त वेळ गेला तो तारीख ठरवण्यात. लोकांना वाटते, पाऊस थांबला की समुद्र निवला. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होतो, तेव्हा समुद्र मोकळा झाला असा समज आहे. पण होड्या जातात त्या पोटासाठी, आणि त्यांवर जन्मभर दर्या पाहिलेली माणसे असतात. सप्टेंबरात लाटांचा जोर असतो. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. मोकळ्या पाण्यावर आपणच सर्वांत उंच असतो, हे विजेच्या बाबतीत फार वाईट. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचेही महिने आहेत. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा हवा आदल्या आठवड्यापर्यंत छानच होती. म्हणून दिवाळीनंतरचा पंधरवडा धरला. आणि आठवडाभर आधीपासून हवामान खात्याचा अंदाज आणि हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राचा, म्हणजे इन्कॉइसचा, लाटांचा इशारा रोज पाहायचे काम नववीतल्या एका मुलीकडे सोपवले. तिने ते वहीत लिहून ठेवले. मोठ्यांपैकी कोणाकडे दिले असते तर दोन दिवसांत विसरले असते.

मग भरती-ओहोटी. कोकणात जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. हा हिशेब मुंबईच्या आसपास बरा जुळतो; मालवणकडे भरती मुंबईच्या आधी होते, तेव्हा तिथल्या बंदराचा छापील तक्ता पाहिल्याशिवाय विसंबू नये. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते, ओढही जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाण्याची हालचाल कमी. साहजिकच आम्ही आधी अष्टमी-नवमी म्हटले. पण हिशेब मांडला तर अष्टमीला पहाटे भरती होऊन सारी सकाळभर ओहोटी! म्हणजे खाडीचे पाणी समुद्राकडे धावत असताना नवखी माणसे तिच्या मुखाशी जाणार. थकली, वल्हे सुटले, तर पाणी त्यांना कुठे नेईल? बाहेर. उलट भरतीच्या शेवटच्या तासात मुखाकडे गेले तर थकलेल्या माणसाला पाणी परत खाडीत, घराकडे ढकलते. वल्हवायला थोडे जड जाते खरे, पण जड जाणे परवडले.

यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. एका बाजूला भांगाचे शांत पाणी, दुसऱ्या बाजूला सकाळची भरती. दोन्ही एका तिथीला मिळत नाहीत. शेवटी त्रयोदशी धरली. उधाण पुरते आलेले नसते, आणि तक्त्यात पूर्ण भरती पावणेनऊच्या सुमारास होती. ओहोटीच्या पहिल्या तासात पाणी थोडेच सरकते. तिसऱ्या-चौथ्या तासात त्याचा सगळा जोर असतो. तेव्हा सातला निघायचे, आठला मुखाशी, नऊला परतीला लागायचे आणि दहाच्या आत सगळे धक्क्यावर, असे वेळापत्रक झाले. नवख्याची कयाक संथ पाण्यात तासाला तीन-चार किलोमीटर जाते. मुखाशी ओहोटीचा प्रवाह तेवढाच असू शकतो. म्हणजे तुम्ही जीव तोडून वल्हवाल आणि जागच्या जागी राहाल.

वाऱ्याचेही तसेच. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकून पाठ केले, त्यांचा उपयोग इथे होतो. पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगत माडांच्या आडोशाला तो जाणवतही नाही. पाणी आरशासारखे दिसते आणि माणूस फसतो. तो हळूहळू बाहेर ढकलला जातो. दुपारी वारा फिरतो, समुद्रावरून येऊ लागतो आणि लाटा उठतात. मधले दोन-तीन तास आपले. विलायती पुस्तकांत गार पाण्याची भीती फार घातलेली असते. आपल्याकडे पाणी कोमट. आपले शत्रू ऊन, तहान आणि थकवा. म्हणून माणशी दोन बाटल्या पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा सक्तीचा केला. बायकांनी पंजाबी ड्रेस घातले, ओढण्या खोलीवर ठेवल्या. पंचशीलातले पाचवे शील मात्र कोणी खोलीवर ठेवायचे नाही, हे आधीच बजावले होते. किनाऱ्यावर इतर गटांत सकाळी सातलाच जे चालले होते ते पाहून बजावले ते बरे केले असे वाटले.

रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरलो, तिथून मालवणमार्गे देवबागला. त्या दिवशी पाण्यात जायचे नाही, हे ठरलेलेच होते. रात्रभर अवघडून बसलेल्या माणसाचे खांदे वल्ह्याला निरुपयोगी असतात. दुपारी जॅकेटे तपासली. ज्याच्याकडे आगाऊ रक्कम भरली होती त्याने काढलेली जॅकेटे पाहून आम्ही गप्पच झालो. काहींचे पट्टे तुटलेले, आतला फेस दबून पापड झालेला, आणि मुलांच्या मापाचे एकही नाही. “घाला हो, काय होतंय!” असे तो म्हणाला. आम्ही आगाऊ रक्कम सोडून दिली आणि दुसरा माणूस शोधला. जॅकेट कसे पाहावे ते सांगतो. घालून सगळे पट्टे आवळा, मग दुसऱ्याने दोन्ही खांद्यांशी धरून वर ओढावे. हनुवटीपर्यंत वर सरकले तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलांना मोठ्यांचे जॅकेट चालत नाही.

संध्याकाळी खाडीच्या कमरेइतक्या पाण्यात सर्वांनी कयाक मुद्दाम उलटवली. यातून कोणालाही सूट नव्हती, एसटीतून निवृत्त झालेल्या काकांनाही नाही. उलटल्यावर होडी सोडायची नाही, किनाऱ्याकडे पोहत सुटायचे नाही. होडी सरळ करायची, तिच्यावर पोटावर आडवे चढायचे, मग वळून बसायचे. ज्यांना पोहता येत नव्हते त्यांची पहिल्या खेपेला बोबडी वळली. नाका-तोंडात पाणी गेले. पण जॅकेट आपल्याला वर धरते हे अंगाला कळले, आणि ते व्याख्यानाने कळत नाही. तिसऱ्या खेपेला काका स्वतः वर चढले तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, “पस्तीस वर्षं गाडी चालवली, पण अशी गाडी नाही पाहिली.”

आठ जोडकयाका घेतल्या. प्रत्येकीत एक दणकट, एक नवखा. पोहता येणारे पाच जण पाच वेगळ्या होड्यांत. सर्वांत पुढे एक अनुभवी वाटाड्या, सर्वांत मागे दुसरा, आणि सोबत इंजिनाची एक होडी, तिच्यावर तिथलाच गाबीत तांडेल. या होडीचे भाडे काहींना जड वाटले. आम्ही मागे हटलो नाही. जेवणात मासे कमी केले. प्रत्येकाच्या गळ्यात शिटी. एक शिटी म्हणजे थांबा, तीन म्हणजे संकट. वल्हे डोक्यावर आडवे धरले की थांबा, उभे धरले की या. वेग सर्वांत मागच्या होडीचा. किनाऱ्यावर राहणाऱ्या एका ताईंकडे सोळा नावांची यादी, परतीची वेळ, आणि तटरक्षक दलाचा १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक. दहा वाजता सोळा डोकी मोजून झाली नाहीत तर काय करायचे, हे त्यांना पाठ होते.

आणखी एक गोष्ट आम्ही आखणीत घातली, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. एक दिवस राखीव ठेवला. बहुतेक अपघातांच्या आधी कोणीतरी म्हणालेले असते, “एवढे पैसे भरलेत, एवढ्या लांब आलोय, रात्रीची गाडी आहे.” गाडीचे तिकीट माणसाला पाण्यात ढकलते. परत फिरणे स्वस्त पडेल अशी सहल आखली की माणसे परत फिरतात. शिवाय नियम केला: सोळांपैकी कोणीही एक “नको” म्हणाला की सगळे थांबणार. कारण विचारायचे नाही, हसायचे नाही, नंतर टोमणे मारायचे नाहीत.

त्रयोदशीच्या सकाळी सातला निघालो. कांदळवनाची मुळे भरतीत अर्धी बुडालेली, त्यांवर खंड्या बसलेला. धुके पाण्यावरून हलकेच उठत होते. भरतीची ओढ समोरून होती म्हणून काठाकाठाने गेलो. मधल्या धारेपेक्षा काठाला ती कमी असते. पहिली दहा मिनिटे होड्या एकमेकींवर आपटत होत्या, मग हात लयीत आले. वाटेत वाळूचे एक बेट लागते. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आले म्हणतात, आणि त्याला त्सुनामी बेट असेच नाव पडले आहे. भरतीत त्याच्यावर घोटाभर पाणी होते. माथ्यावरून एक समुद्रगरुड फिरत गेला. मुले ओरडायची थांबली.

आठ वाजून पाच मिनिटांनी मुखाशी पोहोचलो. वारा नव्हता. आकाश स्वच्छ. आणि तरीही मुखाच्या बाहेर, जिथे नदीने आणलेली वाळू पाण्याखाली आडवी पसरली आहे, तिथे लाट फुटत होती. सारखी नव्हे, पाच-सहा लाटा लहान, मग तीन मोठ्या, पांढऱ्या. दूर दक्षिणेकडच्या समुद्रात कुठे वादळ झाले की त्याच्या लाटा अनेक दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात, हवा कितीही चांगली असो. नववीतल्या मुलीच्या वहीत आदल्या दिवशी लाटांची उंची थोडी वाढलेली लिहिली होती. इशारा मात्र नव्हता. तांडेलाने इंजिन मंद केले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, उजव्या अंगाने मोकळ आहे, मोठ्या लाटा गेल्या की काढता येईल. पण तुमची मर्जी. भोगवे समोर दिसत होते. पोचायला फार तर पंधरा मिनिटे.

तेव्हा आमच्यातल्या एक परिचारिका ताई म्हणाल्या, “मला नको.”

आडवे वल्हे झाले. सगळे थांबले. तरुणांचे चेहरे उतरले, ते दिसत होते. एकाने तोंड उघडले आणि मिटले. देवबागच्या टोकाला वाळूवर होड्या ओढल्या आणि बसलो. उजवीकडे समुद्र, डावीकडे खाडी, आणि मध्ये आमची भाकरी-चटणी. तेवढ्यात पाच-सहा पर्यटकांचा एक गट आला. दोघांच्या अंगात जॅकेटही नव्हते. ते सरळ मुखातून बाहेर गेले, लाटांवर उडाले, आरडाओरडा केला आणि वीस मिनिटांनी हसत परत आले. त्यांना काहीही झाले नाही. आमच्यातला एकजण पुटपुटला, “बघा, आपणही गेलो असतो.” गेलो असतो, आणि बहुधा आलोही असतो. पण आमच्यापैकी अकरा जणांना पोहता येत नव्हते. दुसऱ्याला काही झाले नाही म्हणून आपला निर्णय चुकला, असे होत नाही. हे त्या पोराला त्या वेळी पटले नाही; आणि खरे सांगायचे तर वाळूवर बसून दुसऱ्यांचे हसणे ऐकणे आम्हांलाही सोपे गेले नाही. नऊला उठलो, आणि दहाला पाच कमी असताना सोळा डोकी मोजून झाली.

समुद्राच्या बाजूला दुपारी रापण लागली होती. लांबलचक जाळे, दोन्ही टोकांना माणसांच्या ओळी, बायकाही त्यात. आम्ही दोरीला हात लावला. एका म्हाताऱ्या रापणकराला सकाळची हकिगत सांगितली, तर तो म्हणाला, “उद्या बघा. दर्यो खंय जाता?” रापण ओढत असलेल्या किनाऱ्याजवळ कयाक मुळीच नेऊ नये; जाळ्यात अडकलात तर तुमचाही घात आणि त्यांच्या दिवसभराच्या मिळकतीचाही.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी. भरती पाऊण तासाने पुढे गेली, म्हणून निघणेही तितकेच उशिरा. मुखाशी पोचून आम्ही घड्याळ लावून दहा मिनिटे नुसते पाहिले. वाळूवर लाट उचलत होती पण फुटत नव्हती. आमच्या नियमाप्रमाणे चौदा वर्षांखालील दोघे आणि त्यांच्यासोबत दोन मोठे टोकावर उतरले. बाकी बारांकडे आम्ही एकेक करून पाहिले. ताईंनी वल्हे उभे धरले.

बाहेर गेल्यावर पाणी एकदम मोठे होते. लाट फुटत नाही, पण अख्खी होडी वर जाते आणि खाली येते, आणि खाली आल्यावर पुढची होडी क्षणभर दिसेनाशी होते. दक्षिणेला निवतीचा किल्ला डोंगरावर उन्हात उभा होता. भोगव्याच्या बाजूला दोन डॉल्फिनांच्या पाठी दिसल्या. त्यांच्यामागे लागायचे नाही, हे आधीच ठरलेले होते. आम्ही बाहेर पंचवीस मिनिटे होतो. भोगव्याच्या वाळूला लागलो नाही, कारण तिथे उतरून पुन्हा लाटेतून होडी काढणे हे निराळे काम आहे आणि ते आम्ही शिकलो नव्हतो. तांडेलाने आकाशाकडे बोट करून सांगितले, “वारो सुटतलो आता.” आम्ही वळलो.

मुंबईला आल्यावर हिशेब झाला. सर्वांत मोठा खर्च तांडेलाच्या होडीचा, त्याखालोखाल राखीव दिवसाच्या खोल्यांचा. ताई आणि आणखी तिघी आता महापालिकेच्या तलावात पोहायला जातात. रविवारी सकाळी, काकांसह. पुढच्या कार्तिकात भोगवे ते निवती असा बेत आहे. द्वादशी की त्रयोदशी, यावर वाद अजून मिटलेला नाही.